बकेट सीट (उंच कडांची, अंगाला धरून ठेवणारी सीट) टाकल्यावर सीट बेल्टचं बकल (पट्टा अडकवायचं लॉक) कुठे? सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या रेलवर की फ्लोअरवर?

कुर्ल्याला सीएसटी रोडवर बकेट सीट बसवून घेतली तेव्हा फिटरने बकल सरळ फ्लोअरला मारून दिलं, मग बायको चालवायला बसली, सीट पुढे घेतली तर बकल तिथल्या तिथे आणि लॅप बेल्ट (कंबरेवरून जाणारा पट्टा) कंबरेच्या हाडावरून सरकून थेट पोटावर. बघूनच धस्स झालं, कारण धडकेत तोच पट्टा पोटात रुततो.

रेलवर बकल असलं की ते सीटसोबत सरकतं, अँगल बिघडत नाही, कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत असंच असतं. पण धडकेचा जोर मग रेलवर आणि सीटच्या बोल्टांवर येतो, म्हणून पत्र्याची पट्टी वेल्ड करून अजिबात चालवू नका, बेल्ट अँकरसाठीच (बेल्ट गाडीला पक्का होतो ती जागा) बनवलेलं ब्रॅकेट आणि बेल्टचाच मूळ बोल्ट हवा, बहुतेक ७/१६ इंचाचा असतो.

फ्लोअरवालं ठीक आहे, पण सीट एकाच जागी फिक्स असेल आणि कंपनीचाच अँकर पॉइंट असेल तरच. पत्र्याला नवीन भोक नको.

आम्ही रेलवालं करून घेतलं. बकेटच्या कडा उंच असतात, पट्टा त्यांच्यावरच टेकला तर कंबरेला लागतच नाही, तेवढं बसून हाताने चाचपून बघा. आणि जुन्या सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर सीट बदलूच नका.