कॅनडाच्या परकीय हस्तक्षेप आयोगाचं संकेतस्थळ : पाचपैकी चार तारे

कॅनडातल्या मिसिसागाच्या भाचीने लिंक पाठवली. खाली ओळ होती, "मावशी, रिटायर झालीस तरी तुझं कोर्ट काही सुटत नाही, हे घे." माझी उभी नोकरी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात साक्षी टाइप करण्यात गेली. त्यामुळे मी अहवाल नंतर उघडला, आधी साक्षी वाचल्या. त्याच नजरेने हे लिहितेय.

आधी माल काय ते सांगते. परदेशी सरकारं कॅनडाच्या निवडणुकांत आणि लोकशाही संस्थांत किती लुडबुड करतात, आणि सरकारला जे कळतं ते पुढे कोणाकोणापर्यंत पोचतं, हे तपासायला सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती मारी-जोझे ओग यांचा आयोग नेमला गेला. मे २०२४ला पहिला अहवाल आला, २८ जानेवारी २०२५ला अंतिम. सात खंड, ५१ शिफारशी. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत. लॉगिन नाही, ओटीपी नाही, पैसा नाही.

साक्षी शब्दशः आहेत. पानाच्या माथ्यावर साक्षीदाराचं नाव, सरतपास चालू आहे की उलटतपास, आणि प्रश्न कोणता वकील विचारतोय तेही. आपल्याकडे प्रदर्श पी-१, पी-२ लागतात तसे तिथे सरकारी कागदांना 'कॅन'ने सुरू होणारे क्रमांक, आणि साक्षीदारांच्या मुलाखतींच्या सारांशांना 'विट'ने. साक्षीत एखाद्या कागदाचा उल्लेख आला की तो क्रमांक शोधायचा, मूळ कागद समोर. हे ज्याने केलं त्याला माझा नमस्कार. उभी हयात दप्तरात गेलेल्या माणसालाच कळेल हे किती कटकटीचं काम आहे.

आता मायकल चाँग यांचं प्रकरण. संकेतस्थळाची खरी ताकद तिथे दिसते. हे विरोधी पक्षाचे खासदार. चीनने आपल्याकडच्या उइगुर मुसलमानांचा वंशसंहार चालवलाय असा त्यांनी आणलेला ठराव फेब्रुवारी २०२१मध्ये २६६ विरुद्ध शून्य मतांनी पास झाला. पुढच्याच महिन्यात चीनने त्यांच्यावर निर्बंध लादले. एवढं जगजाहीर होतं. जगजाहीर नव्हतं ते असं, की हाँगकाँगमधल्या त्यांच्या नातेवाइकांवर चीनचा डोळा असल्याची खबर गुप्तचर खात्याकडे आली होती. मे २०२१मध्ये खात्याने सुरक्षा मंत्र्यांसाठी टिपण पाठवलं. तेव्हाचे मंत्री बिल ब्लेअर म्हणतात, मला मिळालंच नाही. कारण ते गेलं अतिगोपनीय ईमेलच्या जाळ्यावरून, आणि ते जाळं मंत्र्यांच्या हाताशीच नव्हतं! जूनमध्ये खात्याची माणसं स्वतः चाँग यांना भेटली, सर्वसाधारण सावधगिरीच्या चार गोष्टी सांगून गेली, घरच्यांबद्दल अवाक्षर नाही. त्या वेळच्या कायद्याने गोपनीय माहिती अशी बाहेर सांगता येत नव्हती, हेही खरं. जुलैमध्ये आणखी एक कागद वेगवेगळ्या खात्यांत फिरला. चाँग यांना हे कळलं मे २०२३मध्ये, 'ग्लोब अँड मेल' वर्तमानपत्रातून. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो म्हणाले, मलाही तिथूनच कळलं. मग आठवड्याभरात चीनचा एक राजनैतिक अधिकारी देशाबाहेर काढला, आणि खासदाराला धोका असेल तर शक्य तिथे त्याला सांगा, असा आदेश गुप्तचर खात्याला निघाला. २०२४मध्ये कायदाही बदलला.

हा कागदाचा प्रवास मी एका बैठकीत वाचला. चाँग यांची एप्रिल २०२४ची साक्ष डोळ्यांना त्रास नको म्हणून छापून घेतली, तर झेरॉक्सवाला भिया पानं मोजता मोजता विचारतो, "आंटीजी, कनाडा में ज़मीन का केस चल रहा है क्या?"

वाचताना आमच्या सुमित्राताई महाजन डोळ्यांसमोर येत होत्या. १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरच्या खासदार, २०१४ ते १९ लोकसभेच्या अध्यक्ष. अशा माणसाला बाहेरच्या देशाकडून काही धोका असता, तर तो कोणत्या टेबलावर अडकला हे आम्हा मतदारांना कधी कळलं असतं? माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज इथे चालत नाही. कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीने इंटेलिजन्स ब्युरो आणि रॉ त्यातून बाहेर आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडून. ऑक्टोबर २०२३च्या शेवटी महुआ मोइत्रा, शशी थरूर, प्रियांका चतुर्वेदी अशा विरोधी खासदारांना 'सरकारपुरस्कृत हल्लेखोर तुमच्या फोनवर असू शकतात' असा इशारा आला, तो अ‍ॅपल कंपनीकडून. कोणत्या सरकारचे, ते कंपनीने सांगितलं नाही. आपल्या सरकारने चौकशी करू म्हटलं. पण खासदाराला पहिली खबर फोन विकणाऱ्याने द्यायची, ही काय तऱ्हा झाली?

आता कापलेला तारा. देशवार गुप्तचर माहितीचे सारांश जिथे दिलेत तिथे वर सूचना असते, की हा मजकूर अपुरा असू शकतो, स्रोत एक की अनेक ते सांगितलेलं नाही, आणि त्यांचा भरवसा किती तेही नाही. खालच्या मूळ कागदांत ओळीच्या ओळी झाकलेल्या. अशी साक्ष उलटतपासात पाच मिनिटं टिकत नाही. आणि हो, मीही सगळ्यात आधी 'इंडिया' शब्दच शोधला, कोण नाही शोधणार. निवडणुकांतल्या हस्तक्षेपात चीननंतर सर्वांत सक्रिय देश म्हणून अहवालात आपलं नाव आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ते लगेच फेटाळलं, उलट कॅनडाच आमच्या कारभारात ढवळाढवळ करतो असं सुनावलं. वाचणाऱ्याने काय करायचं? आरोप उघड, आधार झाकलेला. मी देशाभिमानाने म्हणत नाही, चीनवरच्या सारांशांनाही हेच लागू आहे. गुपितं फोडा असं माझं म्हणणं नाही. पण कार्यालयातली हेळसांड दाखवताना हे संकेतस्थळ जितकं भक्कम आहे, तितकं कोणत्या देशाने काय केलं हे सांगताना नाही. दोन्हींना एकाच तागडीत तोलू नका.

प्रसिद्धीसाठी घाई झालेल्या काही लोकांना मात्र या अहवालाने गप्प केलं, ते बरं झालं. जून २०२४मध्ये खासदारांच्याच एका समितीने काही खासदार जाणूनबुजून परदेशांना सामील असल्याचं सूचित केल्यावर 'गद्दार कोण' म्हणून गदारोळ उठला होता. ओगबाईंनी संसदेत गद्दार असल्याचा पुरावा दिसला नाही, असं स्वच्छ लिहिलंय.

वाचायचं असेल तर मोबाइलवर नको, पानं कागदाच्या मापाची आहेत. अंतिम अहवालाचा पहिला खंड म्हणजे सारांश. तो घ्या आणि बाकीचे खंड लागतील तसे उघडा. फ्रेंच येत नसेल तर साक्षीत मधेच फ्रेंच परिच्छेद लागले की वैतागू नका, तिथे दोन्ही भाषांत बोलतात. चाँग यांच्याबरोबर त्याच महिन्यातली जेनी क्वान या खासदारबाईंची साक्षही वाचा.