बेळगावच्या टिळकवाडीतली सर्व्हर दुरुस्तीवाली पोरं: पैसे वसूल, 5 पैकी साडेचार

उबंटू (सर्व्हर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम) अपग्रेड केल्यापासून ज्यांची वेबसाईट मधेच पडूलालीय त्यांनी हे वाचा, मला दहा दिवस कुणीच नीट सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं शहापुरात साड्यांचं दुकान आहे. वडगावच्या मागावरच्या साड्या वेबसाईटवरनं पण विकतो, मराठी-कन्नड दोन्ही पानं आहेत, गिऱ्हाईक निपाणी, खानापूर, धारवाड, कोल्हापूर असं सगळीकडचं. सर्व्हर उबंटू 20.04 वर होता, त्याचा नेहमीचा सपोर्ट मे 2025 मध्ये संपला, म्हणून आधी सर्व्हर बघणाऱ्या माणसाकडून 22.04 करून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू. साड्या दिसायच्या, फोटो उघडायचे, पण पैसे भरायचं बटण दाबलं की पांढरं पान! आणि हे ऐन श्रावणात. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला सर्व्हर चालू दाखवतोय, रॅम कमी पडत असेल. 2 जीबीची 4 जीबी केली, महिन्याचं भाडं वाढलं, पान काय बदललं नाही.

मग मेहुण्यानं तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं एका छोट्या ऑफिसात नेलं, दोघंच पोरं बसतात तिथं. मला आवडलं ते हे, की त्यातल्या एकानं कशालाही हात लावायच्या आधी अख्ख्या सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे जशीच्या तशी कॉपी घेतली. नंतर अपाचेचा (वेबसाईटची पानं पाठवणारा प्रोग्रॅम) एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही उघडून लॅपटॉप माझ्याकडं फिरवला आणि म्हणाला, "काका, मोबाईलवरनं एक ऑर्डर टाका बघू." मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी खाली नवी ओळ आली, चाइल्ड अमुक नंबर, सेगमेंटेशन फॉल्ट 11, म्हणजे प्रोग्रॅम मधेच कोसळला. परत दाबलं, परत ओळ. "सर्व्हर बंद पडत नाही काका, त्याची पोरं मरूलाल्यात." म्हणजे अपाचेचा मुख्य प्रोसेस जिवंतच असतो, काम करणारा चाइल्ड मेला की तो लगेच दुसरा उभा करतो, म्हणून स्टेटस बघितलं तर सगळं हिरवं. दहा दिवसांत पहिल्यांदा मला माझ्या दुकानाचं दुखणं डोळ्यांनी दिसलं.

कारण असं निघालं. आमची वेबसाईट पीएचपी भाषेत लिहिलेली, 20.04 सोबत पीएचपी 7.4 येतं, 22.04 सोबत 8.1. अपग्रेडच्या शेवटी जुनी पॅकेजं काढू का असं विचारतं, तिथं आधीच्या माणसानं नाही म्हटलं होतं, त्यामुळं अपाचे जुनंच 7.4 चं मॉड्यूल लोड करत होता. ते जुन्या ओपनएसएसएल 1.1 वर (माहिती कुलूपबंद करून पाठवणारी लायब्ररी) बांधलेलं आणि दुसऱ्या सर्व्हरशी बोलणारी कर्लची लायब्ररी मात्र अपग्रेडमध्ये नवीन झाली, ती ओपनएसएसएल 3 वर. पेमेंट कंपनीशी बोलायला पीएचपीनं कर्ल वापरलं की एकाच प्रोसेसमध्ये दोन ओपनएसएसएल एकत्र यायचे आणि चाइल्ड मरायचा. साध्या पानांना हे लागतच नाही, म्हणून ती चालायची. कुठला प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी एलडीडी कमांड मारून दोन्ही नावं त्यानं मला दाखवली.

7.4 काढलं, 8.1 एफपीएमवर टाकलं, म्हणजे पीएचपी अपाचेच्या आत नाही तर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. पण तेवढ्यानं भागलं नाही, आमच्या जुन्या कोडमध्ये ईच नावाचं फंक्शन तीन ठिकाणी होतं, पीएचपी 8 पासून ते काढूनच टाकलंय, तेही त्यानं आधी सर्व्हरच्या कॉपीवर बदलून तपासलं आणि रात्री अकरानंतर खऱ्या सर्व्हरवर चढवलं. एकूण दीड दिवस आणि 3,500 रुपये. रॅम परत 2 जीबी करा, उगाच भाडं भरू नका, हेही त्यानंच सांगितलं, एवढा प्रामाणिकपणा मला तरी कुठं भेटला नव्हता.

अर्धा मार्क कापला तो दोन गोष्टींसाठी. रविवारी फोन उचलत नाहीत, आणि आमचा तर रविवारीच धंदा जास्त. दुसरं, काय काय केलं त्याचा कागद फक्त इंग्रजीत दिला, माझ्या भावाला तो वाचता येत नाही, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये चार ओळी लिहून द्यायला पाहिजे होत्या. मी तसं बोललोय त्यांना.

ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. जाताना सर्व्हरच्या कंपनीचं लॉगिन सोबत न्या, नाहीतर स्नॅपशॉट घेता येत नाही आणि त्याशिवाय ते कामाला हात लावत नाहीत.