काम अडलंय: लोकसेवा हक्कात अपील करावं की माहितीचा अर्ज टाकावा?

कचेरीत काम अडलं की ओळखीतले लोक हल्ली मला हाच प्रश्न विचारतात. दोन्ही वाटांनी गेलोय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

लोकसेवा हक्क कायदा जास्त सरळ आहे, हे आधी मान्य करतो. 2015 साली फडणवीस सरकारने तो आणला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आपल्याला हवा असतो दाखला, आणि हा कायदा थेट दाखल्याचंच बोलतो. सेवेला मुदत ठरलेली, ती चुकली की अपील, तिसरं अपील सेवा हक्क आयोगाकडे. मुलासाठी उत्पन्नाचा दाखला मला 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवरून एकही खेटा न घालता मिळाला.

मुलीच्या अधिवास प्रमाणपत्राला मात्र हीच वाट नडली. प्रवेशाचे दिवस होते, मुदत 15 दिवसांची. चौदाव्या दिवशी संध्याकाळी अर्ज परत आला: 'त्रुटी, शाळा सोडल्याचा दाखला अस्पष्ट.' तोच स्कॅन पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होता. नवी प्रत जोडली, आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात, कारण मुदत धरतात ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. बाराव्या दिवशी परत त्रुटी. आता म्हणे स्वयंघोषणापत्रावर सही नाही. सही होती, मी प्रिंट काढून खिडकीवर दाखवली. अर्ज फेटाळला नव्हता आणि मुदतही संपली नव्हती, मग अपील करायचं ते कशावर? तिकडे मुलगी रोज विचारायची, 'बाबा, आलं का?'

तेव्हा 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकार कायद्याखाली माहितीचा अर्ज दिला. आपल्या राज्यात 2012 पासून एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे मोजकंच लिहिलं: माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे होता, त्रुटी काढणाऱ्याचं पदनाम, आणि संबंधित नोंदींच्या प्रती. नवव्या दिवशी कचेरीतून फोन आला, 'प्रमाणपत्र तयार आहे, घेऊन जा. तेवढा तो अर्ज मागे घेता का?' प्रमाणपत्र घेतलं, अर्ज ठेवला. पुढे पानाला 2 रुपये भरून चार पानं हातात आली, त्यात दिसलं की पहिले तेरा दिवस माझा अर्ज कोणी उघडलाच नव्हता.

दंडातही फरक आहे. लोकसेवा हक्कात 500 ते 5,000 रुपये. माहिती अधिकारात दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. तो प्रत्यक्षात क्वचितच बसतो, पण माझ्या अनुभवात त्याचा धाक वाटतो. शिवाय हा कायदा लोकांनी भांडून मिळवलाय. राज्याचा 2002 चा कायदा लागू व्हावा म्हणून अण्णा हजारेंना 2003 मध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसावं लागलं होतं. 2005 चा केंद्राचा कायदा त्यानंतरचा.

माहिती अधिकाराची दुखणीही आहेत. दुसऱ्या अपिलाला माहिती आयोगात फार वाट पाहावी लागते, आणि 'का केलं नाही?' असं विचारलंत तर 'माहिती प्रश्नार्थक आहे' म्हणून बोळवण होते. कारण विचारू नका, नोंदीची प्रत मागा.

कागदपत्रं चोख असतील, हाताशी वेळ असेल, तर लोकसेवा हक्काने जरूर जा. प्रत्येक कचेरी सारखी नसते. मी स्वतः आता अर्ज ऑनलाइनच करतो, पण पहिली त्रुटी आली की त्याच दिवशी माहितीचा अर्ज टाकतो. पहिली ओळ ठरलेली आहे: 'माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीचा दिनांकनिहाय तपशील व नोंदींच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.'