जुना एस९ बिटकॉइन मायनर हीटर म्हणून वापरला: एका हिवाळ्यानंतर (बरंचसं धुळीबद्दल)

यंत्र नव्वद डॉलरचं आणि त्यातला एक बोर्ड दुरुस्त करायचे एकशेचाळीस. गेल्या आठवड्यात दुकानदारानं हा आकडा सांगितला तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. यातलं अर्धं मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं. तेव्हा मी भलतीच खुशीत होते. तो भाग बदलत नाही, तसाच ठेवते. माझं मलाच कळू दे.

अँटमायनर एस९ म्हणजे गणितं सोडवून बिटकॉइन कमावणारं (मायनिंगचं) यंत्र, यापेक्षा जास्त सांगत बसत नाही. २०१६ चं मॉडेल, गणिताचा वेग १३.५ टेराहॅश, तेराशेच्या वर वॅट, तीन बोर्ड, एकेका बोर्डावर ६३ चिप. एप्रिल २०२४ च्या हाल्विंगमध्ये, म्हणजे मायनरांचं बक्षीस ठरल्याप्रमाणे निम्मं झालं तेव्हा, ब्लॉकमागचं (व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागचं) बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं आणि हे यंत्र कमाईच्या दृष्टीनं भंगारात गेलं. पैसे मिळवायला घेणार असाल तर घेऊ नका. सांगलीहून भावानं विचारलं, 'ताई, मी पण एक घेऊ का?' त्याला म्हटलं, पूर्ण वेगात दिवसाला ३२ युनिट, महिन्याला साडेनऊशेच्या वर. घरचा मीटर थेट सगळ्यात वरच्या स्लॅबात जाईल. वर भारतात या उत्पन्नावर ३० टक्के कर, आणि विजेचं बिल त्यातून वजा करता येत नाही. त्यापेक्षा एक चांगलं घोंगडं घे.

आम्ही राहतो मॉन्ट्रियलला लागून. इथे बहुतेक घरं विजेच्या बेसबोर्ड हीटरवर (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या) गरम होतात. वीज स्वस्त आहे: २०२४-२५ च्या त्या हिवाळ्यात दिवसाच्या पहिल्या ४० युनिटांना सात सेंटहून थोडं कमी, त्यापुढे दहाहून थोडं जास्त पडत होतं. माझा हिशेब सरळ होता. हीटरनं ८०० वॅट खाल्ले काय आणि मायनरनं खाल्ले काय, खोलीत ऊब तेवढीच येते, फरक इतकाच की मायनर त्यातले थोडे पैसे परत देतो. ऑक्टोबरमध्ये जुन्या सामानाच्या जाहिरातीतून पॉवर सप्लायसकट घेतला. विकणाऱ्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला होता, चिपांच्या रांगेत सगळीकडे 'ओ ओ ओ', मेलेल्या चिपेचा 'एक्स' एकही नाही. 'साफ करून देतोय,' असंही म्हणाला. बाहेरचा पत्रा पुसला होता, एवढं खरं.

आता जानेवारीतलं.

सगळ्यात आधी आवाज. कंपनीच्या फर्मवेअरवर (यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरवर) हा लावला तर घरात पिठाची गिरणी बसवल्यासारखं होतं. इथला साधा सॉकेट १२० व्होल्टचा, आणि या पॉवर सप्लायला पूर्ण ताकदीसाठी २२०-२४० लागतात, १२० वर तो १२०० वॅटच्या पुढे जात नाही. त्यामुळे तसंही वेग कमी करणं भाग होतं. ब्रेन्स ओएस हे दुसरं फर्मवेअर टाकून आठशे वॅटवर आणला. दहा टेराहॅशच्या आसपास देतो आणि आवाज माणसात येतो. तळघरात ठेवलाय, दार लावलं की वर फक्त घूंऽऽ ऐकू येतं. आई नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरहून आली. पहिले दोन दिवस कपाळाला आठ्या. तिसऱ्या दिवशी बाहेर उणे बारा झालं तेव्हा स्वतःच म्हणाली, 'अगं, ती तुझी गिरणी लाव की जरा.' आता पहाटेचा चहा ती तिथेच खुर्ची टाकून पिते.

पैशांचं म्हणाल तर दिवसाला दोन डॉलरची वीज जाते आणि पाऊण डॉलरच्या आसपास परत येतात. नवरा म्हणतो सव्वा डॉलरचा तोटा. मी म्हणते ते दोन डॉलर हीटरला द्यायचेच होते, म्हणजे पाऊण डॉलर फायदा. हा वाद रोज जेवताना होतो, यापुढे त्यात पडत नाही.

मुख्य मुद्दा धुळीचा. थंड गावात यंत्र तापायचं नाही, असा माझा समज होता. तळघरात सतरा-अठरा अंश, काय तापणार? रोज फोनवर तापमान बघायची. पंच्याहत्तर. दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तर. महिनाभर पंच्याहत्तर. मी निवांत. एक दिवस आईच म्हणाली, 'गिरणीचा आवाज वाढलाय गं.' मी म्हटलं, 'नाही आई, तापमान तेच आहे.' आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. तापमान तेच राहणार, कारण पंच्याहत्तरवर ठेव असं मीच त्याला सांगितलंय! हीटसिंकवर (चिपांची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) धूळ चढली की फर्मवेअर गुपचूप पंखा वाढवतं आणि आकडा जागेवर ठेवतं. खरी नोंद पंख्याच्या टक्क्यांची ठेवायला हवी होती. ऑक्टोबरात तो पस्तीस टक्क्यांवर होता, डिसेंबरात बहात्तरवर. पंख्याची ताकद संपली की मगच तापमान हलतं, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. लोक तापमानाचे स्क्रीनशॉट टाकून 'माझा थंड आहे' म्हणतात ना, त्यांना माझा एकच प्रश्न: पंखा कितीवर आहे?

पुढच्या पंख्याचे चार स्क्रू काढले. आत हीटसिंकच्या पहिल्या ओळींवर करड्या घोंगडीचा तुकडा बसला होता. हो, घोंगडीच, चिमटीत धरून सलग निघाला. उजेडात धरला तर त्यात निळे धागे: पोराचं पांघरूण. लाल: दिवाळीला घेतलेले टॉवेल, पहिल्या धुण्यात ज्यांचा रंग गेला ते. मधे आईच्या शालीची पांढरी लव. मायनर ठेवलाय त्याच्या मागच्या भिंतीला कपड्यांचा ड्रायर आहे, आणि त्याचा बाहेर जाणारा पाइप सांध्यातून सुटला होता. घरात कोणाचं काय धुतलं गेलं त्याची सगळी वही माझ्या हीटसिंकवर लिहिलेली. ॲल्युमिनियमची पट्टी लावून सांधा बंद केला. दहा मिनिटांचं काम, दोन महिने कोणाला दिसलं नाही.

आणि मला कळत नाही ते हे: हवा ओढण्यावरच ज्याचा जीव आहे त्या यंत्राच्या तोंडावर साधी जाळी का नाही? गोठ्यातल्या भुसा काढायच्या पंख्यालाही कोणी फडकं बांधतं. डेटा सेंटरमध्ये हवा गाळूनच आत येते, म्हणून यंत्रावर फिल्टर लागत नाही, हे वाचलं, पटलं, तरी राग गेला नाही.

मग फिल्टर मीच करायचा ठरवला. आईनं चक्का टांगायला आणलेलं मलमलचं कापड होतं, ते दुहेरी करून रबर बँडनं पंख्यावर बसवलं. पंधरा मिनिटांत पंखा शंभर टक्क्यांवर, तरी तापमान चढतच गेलं, शेवटी यंत्र आपणहून थांबलं. धूळ अडली, पण हवासुद्धा अडली. एवढ्याशा तोंडावर दाट कापड म्हणजे नाक दाबून जिना चढण्यासारखं. उपाय उलटा निघाला: फिल्टर दाट नको, मोठा हवा. घर गरम करायच्या भट्टीला (फर्नेसला) लावतात तो वीस बाय वीस इंची फिल्टर आणला, मर्व्ह ८ चा (हा आकडा जितका मोठा तितका फिल्टर दाट), आणि प्लास्टिकच्या मोठ्या डब्याच्या तोंडावर बसवला. डब्याला मागे भोक पाडून मायनर जोडला. पंख्यापेक्षा फिल्टरचं क्षेत्रफळ कितीतरी पट, त्यामुळे हवा त्यातून सावकाश येते आणि पंख्याला ओढ जाणवत नाही. मर्व्ह १३ चा हौसेनं आणू नका, पुन्हा चक्क्याचं कापड होतं.

साफ करायला आधी डब्यातली हवा वापरली. नऊ डॉलरचा एक डबा, एका सफाईत संपतो, आणि जरा तिरका धरला की हवेऐवजी बर्फासारखा गार द्रव बाहेर. सहा डब्यांचा हिशेब मांडला आणि पंचावन्न डॉलरचा विजेचा ब्लोअर घेतला. त्याला पाचपैकी पाच. एकच लक्षात ठेवा: ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून ठेवा. नाहीतर पंखा सुसाट फिरतो, बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करते ती बोर्डाकडे जाते. फार जवळून मारू नका, कारण हीटसिंक चिकटवलेले असतात आणि एखादा सुटून भलतीकडे पडला तर बोर्डच शॉर्ट. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्यानं स्थिर वीज साठते. हिवाळ्यात इथे घरातली हवा इतकी कोरडी असते की दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो, तोच चटका चिपेला बसला तर कळणारही नाही. मी आधी नळाच्या पाइपाला हात लावते आणि मगच बोर्डाला.

जानेवारीतला भाग इथे संपतो. शेवटची ओळ होती: 'पाचपैकी साडेचार, अर्धा आवाजाला कापला.'

आता एप्रिल.

फेब्रुवारीत पुन्हा सफाई काढली. नवऱ्याची कुरकुर होती की मी ब्लोअर मारते आणि धूळ सगळ्या तळघरात उडते. बरोबर होतं त्याचं. म्हणून मी यंत्र उचलून मागच्या गॅलरीत नेलं. बाहेर उणे एकोणीस. ब्लोअर मारला, धूळ बर्फावर पडली, काय समाधान वाटलं सांगू! तेवढ्यात सांगलीहून भावाचा फोन. मी आत येऊन बोलत बसले, यंत्र बाहेरच. पाऊण तास झाला. नंतर आत आणलं. दारातून आत येताक्षणी माझा चष्मा पांढराशुभ्र झाला. मी तो पदरानं, म्हणजे स्वेटरच्या टोकानं, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि यंत्राची पिन लावली. चष्म्यावर पाणी दिसलं, हातातल्या चार किलो गार ॲल्युमिनियमवर दिसलं नाही.

तीन मिनिटं तिन्ही बोर्ड चालले. मग सात नंबरचा गेला. (या यंत्रात बोर्ड ६, ७, ८ असे मोजतात. एक-दोन-तीन का नाही, देव जाणे.) बंद केलं, दोन दिवस वाळत ठेवलं, पुन्हा लावलं. सहा आणि आठ आले, सातवर ६३ पैकी शून्य चिप. आईला सांगितलं तर म्हणाली, 'फ्रिजमधनं तांब्या काढला की बाहेरनं पाणी सुटतंय, हे तुला शाळेत शिकवलं नव्हतं व्हय?' शिकवलं होतं.

म्हणजे बाहेर नेऊन साफ करायचंच असेल तर आत आणण्याआधी तिथेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं. पिशवी आत आणायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी उघडायची. पाणी सुटलं तर पिशवीच्या बाहेरून सुटतं.

बोर्ड दुरुस्तीला दिला. बघण्याचे चाळीस डॉलर आधीच घेतले. आठवडाभरानं एकशेचाळीस सांगितले आणि वर म्हणाला, 'बोर्ड घाण होता.' इथे माझा तोल गेला. घाण? मी? महिन्याला एकदा ब्लोअर मारणारी मी? त्याला पंख्याच्या टक्क्यांची वहीच दाखवली, रकान्यांसकट. तो शांतपणे आत गेला, बोर्ड आणला, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला ब्रश दोन हीटसिंकच्या मधे घालून ओढला. ब्रशवर काळपट चिकट गाळ आला. वरवरची लव माझा ब्लोअर उडवत होता. खालचा चिकट थर तसाच होता, आणि दव पडलं ते नेमकं त्यात धरून राहिलं. तळघराच्या बरोबर वर आमचं स्वयंपाकघर आहे, फोडणीची वाफ जिन्यानं खाली उतरते, त्यावर लव बसते. त्याचं म्हणणं खरं होतं. चाळीस डॉलर गेले त्याचं वाईट वाटणं थांबलेलं नाही, पण दुकानदारावर लिहायला घेतलेला परिच्छेद मी खोडला.

एकशेचाळीस अर्थातच दिले नाहीत. उरलेल्या दोन बोर्डांचा वेग वाढवून पुन्हा आठशे वॅटवर आणलं. हॅश कमी पडतो, दिवसाला पाऊणऐवजी साठेक सेंट. पण ऊब तेवढीच, आणि मी तर हीटर घेतला होता. मेलेला सात नंबर फेकला नाही. आधी काढून बघितला तर बाकीचे दोन जास्त तापायला लागले, कारण हवा आळशी असते, रिकामी खाच दिसली की तिथूनच निघून जाते. म्हणून तो वायर काढून परत आत सरकवून ठेवलाय, नुसता वाट अडवायला.

हिवाळाभरात यंत्रानं साधारण नव्वद डॉलर परत दिले, म्हणजे त्याची किंमत वसूल. ब्लोअर, फिल्टर आणि ते चाळीस डॉलर माझ्या अंगावर. साडेचारावरून साडेतीनवर आणते. कापलेला एक गुण खरं तर माझा आहे, पण रकाना यंत्राच्याच नावाचा असतो.

या आठवड्यात ते पिशवीत बंद करून ठेवायचंय. पाडव्याला, ३० मार्चला, आईनं श्रीखंडासाठी चक्का टांगायला ते मलमलचं कापड मागितलं. मी दोनदा गरम पाण्यात धुऊन, वाळवून, घडी घालून दिलं. तिनं ते नाकाला लावलं, माझ्याकडे बघितलं आणि बॅगेतून नवं कापड काढून फाडलं.