भविष्यकाळाचा लेखी सराव: पत्र, डायरी की चित्र?

इंग्रजीचा भविष्यकाळ लिहून घ्यायचा म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो 'दहा वर्षांनंतरच्या मला पत्र' हा विषय. मुलं रमतात, पानभर लिहितात. वह्या तपासायला घेतल्या की मात्र ओळीओळीला 'आय विल बी', 'आय विल बाय'. 'विल' पक्कं होतं, पण ते कुठे चालत नाही हे कळत नाही. वर्ग नुकताच भविष्यकाळाकडे वळला असेल आणि मुलं लिहायला बिचकत असतील, तर पत्रच द्या. वरच्या वर्गात 'बाय 2040, आय विल हॅव...' अशी सुरुवात ठरवून दिली, तर पूर्ण भविष्यकाळाचाही सराव होतो.

माझा कौल डायरीला. जोडीतल्या दोघांना आठवड्याचं एकेक पान द्यायचं. काही खणांत कामं आधीच लिहिलेली, आणि दोघांचाही मोकळा असा खण एकच. बोलायचं नाही, चिठ्ठ्या लिहूनच भेट ठरवायची. 'आय ॲम मीटिंग माय कझिन ऑन ट्यूसडे. आर यू फ्री ऑन वेन्सडे?' त्यावर उत्तर येतं, 'येस, आय विल कम ॲट फाइव्ह.' आधी ठरलेल्या भेटीला चालू वर्तमानकाळ आणि चिठ्ठी वाचताक्षणी घेतलेल्या निर्णयाला 'विल', दोन्ही आपसूक वापरले जातात. समजावताना मराठी हाताशी घ्या: 'मंगळवारी भेटतोय' आणि 'बरं, येईन मी' यांतला फरक मुलांच्या कानाला आधीच ठाऊक असतो. पानं तयार करायला वेळ जातो, पण ती दरवर्षी वापरता येतात.

चित्राचं काम दहा मिनिटांचं. शिडीवर तोल गेलेला माणूस दाखवा आणि पुढे काय होणार ते लिहायला सांगा. कारण डोळ्यांसमोर आहे, म्हणून 'ही इज गोइंग टू फॉल'. हा एक मुद्दा चित्राइतका नेमका दुसऱ्या कशानेच ठसत नाही. मात्र लिखाण दोन-तीन ओळींचंच होतं, त्यामुळे पूर्ण तास त्यावर काढू नका.

'व्हेन आय विल रीच' ही चूक तिन्हींत डोकावते. डायरीत ती पकडणं सोपं: शेवटच्या चिठ्ठीत 'पोचलो की फोन करीन' हे इंग्रजीत लिहायला लावा. मराठीतही 'पोचेन की' म्हणत नाहीत, एवढं दाखवलं की मुलं स्वतःच 'विल' खोडून 'व्हेन आय रीच' करतात.