सिबिल क्लीन करून देणाऱ्याला साडेआठ हजार दिले त्याची गोष्ट

दिवाळीच्या आधी होम लोनसाठी बँकेत गेलो तर साहेबांनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली, सिबिल (कर्ज कसं फेडलं त्यावरून मिळणारा स्कोअर) 651. दोन वर्षांपूर्वी हप्त्यावर मोबाईल घेतलेला, तो फिटला, एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) घरात पडलीय, तरी रिपोर्टमध्ये 590 रुपये ओव्हरड्यू. एक हप्ता बाउन्स झालेला त्याचा चार्ज, 500 आणि वर 18 टक्के जीएसटी, तो पण भरलेला, पावतीसकट. शिवाय लॉकडाऊनमध्ये एका क्रेडिट कार्डचं सेटलमेंट केलेलं, म्हणजे थकलेल्यापेक्षा कमी पैसे भरून मिटवलेलं, ते 'सेटल्ड' म्हणून दिसत होतं. ते मात्र खरंच होतं, खोटं कशाला बोलू.

आमच्या चौकात खांबावर बॅनर होता, 'सिबिल 750+ फक्त 15 दिवसांत'. लावला फोन. "दादा टेन्शन घेऊ नका, सेटल्ड पण उडवतो, आत आपली माणसं आहेत." साडेआठ हजार, अर्धे आधी. पॅन आधारचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले आणि नंतर दोन दिवस तो मागेल तसे ओटीपी फोनवर वाचून दाखवत बसलो, बायको शेजारून डोळे वटारत होती तरी.

पंधराव्या दिवशी स्क्रीनशॉट आला, 782. लगेच उरलेले पैसे जीपे केले आणि पेढे घ्यायचेच बाकी होते. बँकेत साहेबांनी परत रिपोर्ट काढला तर 639! घरी येऊन तो स्क्रीनशॉट झूम केला, आकड्याच्या मागे पांढरा चौकोन चिकटवलेला सरळ दिसत होता.

मग नीट बघितलं तर त्याने खरं-खोटं न बघता सरसकट सगळ्यावर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याच्या तक्रारी, टाकलेले, पुरावा एकही जोडलेला नाही, त्यामुळे सगळे रिजेक्ट. कारण सिबिल काय किंवा कर्जाच्या नोंदी ठेवणारे बाकीचे तीन ब्युरो काय, स्वतःहून काहीच बदलत नाहीत, ज्याने कर्ज दिलं त्यालाच विचारतात, तो हो म्हणाला तरच बदल. आत कुणाची माणसं असून उपयोग काय?

शेवटी मीच सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाकला, फक्त त्या 590 वर. एक रुपया लागत नाही. पावती आणि एनओसी फायनान्सवाल्याला वेगळी मेल केली. 30 दिवसांत निकाल द्यावा लागतो, उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई, एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. माझं 19 दिवसांत झालं, ओव्हरड्यू शून्य, पुढच्या महिन्यात स्कोअर 684. पत्ता, स्पेलिंग पण दुरुस्त केलं पण त्याने स्कोअर हलत नाही. सेटल्ड तसंच आहे, ते चूक नाहीच ना, उरलेली रक्कम भरून बँकेकडून क्लोज्ड करून घ्यावं लागेल. प्रत्येक ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतो आणि स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

त्याचा नंबर आता बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय. पण खरी गोम पुढेच आहे, रिपोर्टमध्ये मी कधी नाव न ऐकलेल्या दोन लोन अॅपच्या एन्क्वायरी आहेत, म्हणजे कर्जासाठी त्यांनी माझा रिपोर्ट काढल्याच्या नोंदी, तारखा बरोबर ओटीपी दिले त्याच दिवसांच्या. त्यावर पण डिस्प्यूट टाकला, तर दोघांचं उत्तर एकच आलं, ग्राहकाने ओटीपीने संमती दिली होती.