जुन्या जीएलचं एअर सस्पेन्शन: परत एअरच घालायचं, की स्प्रिंगवर जायचं?

दहा-बारा वर्षं जुनी, एअर सस्पेन्शनवाली मर्सिडीज जीएल किंवा एमएल वापरणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. या गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेलं रबर गाडी उचलून धरतं. रात्री सरळ लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली असते, मीटरवर गाडी फार खाली असल्याचा लाल इशारा येतो आणि गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: "हवेची भानगडच नको साहेब, स्प्रिंग घाला आणि विसरून जावा." माझ्या केए-22 पासिंगच्या 164 बॉडीच्या, म्हणजे पहिल्या पिढीच्या जीएलला पुढचे दोन स्ट्रट (शॉकअप आणि हवेचं रबर एकत्र) आणि मागचे दोन बेलो (नुसती हवेची रबरी पिशवी) बदलायची वेळ आली, तेव्हा हेच वाक्य मी बेळगावात ऐकलं, निपाणीत ऐकलं, कोल्हापुरातही ऐकलं. सांगणारे सगळे अनुभवी होते, त्यामुळे मी ते सहज झटकून टाकलं नाही.

पैसे काढण्याआधी गळती नक्की कुठं आहे ते बघा. गाडी सगळ्यात उंच पातळीवर न्या, म्हणजे रबराच्या घड्या उघडतात. मग बेलो, स्ट्रटच्या डोक्यावरचा हवेच्या नळीचा जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (चारही चाकांना हवा वाटून देणारा भाग) यांच्यावर साबणाचं पाणी मारा. रात्री चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या, सकाळी परत घ्या. एकच कोपरा उतरला असेल तर संशय त्या कोपऱ्यातल्या बेलोवर किंवा नळीवर. सगळीच गाडी उतरत असेल तर दोष व्हॉल्व्ह ब्लॉकसारख्या सामाईक भागातही असू शकतो, मग नवे स्ट्रट घालूनही दुखणं जाईलच असं नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात लाल चिखल या घड्यांत जाऊन बसतो, उन्हाळ्यात वाळतो आणि रबर त्या खरखरीत थरावर घासत राहतं. माझ्या मागच्या बेलोची चीर अगदी खालच्या घडीत होती, नखाएवढी. गाडी खाली असताना ती दिसतच नव्हती.

जुन्या स्ट्रटचं फक्त रबर बदलून देणारे आहेत, स्वस्तातही पडतं. मला ते पटलं नाही. रबर धरून ठेवणारी रिंग नीट दाबायला योग्य प्रेस लागते, आणि इतकं करून आतला शॉकअप तोच, लाखभर किलोमीटर पळालेला. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हवा तो बुश टर्न करून मिळतो, पण ही हवा धरणारी जोडणी तशी करून घ्यायची गोष्ट नाही. कंपनीच्या नव्या स्ट्रटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: माल उत्तम, हात आखडण्याचं कारण फक्त किंमत. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये कंपनीचा एक स्ट्रट जितक्याला होता, जवळपास तितक्यात बाहेरच्या नावाजलेल्या ब्रँडची पुढची जोडी बसत होती.

म्हणजे खरा सामना दोघांतच: बिलस्टीन, अर्नॉट यांसारख्या ब्रँडचे नवे एअर स्ट्रट, नाहीतर चारही चाकांना कॉइल स्प्रिंगचा संच.

कॉइलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. हवा नाही म्हणजे कॉम्प्रेसर नाही, व्हॉल्व्ह ब्लॉक नाही, नळ्या नाहीत. पुन्हा कधी शॉकअप गेला तर तालुक्याच्या गावातला मेस्त्रीही तो बदलू शकतो. सकाळी सहाला निघायचं असेल तर गाडी रात्री सोडली तशीच उभी असते, या निश्चिंतीला मोल आहे. माझ्या साडूंनी त्यांच्या अशाच जीएलला कॉइल घातली आहे आणि ते समाधानी आहेत. ते बहुतेक एकटे किंवा दोघंच फिरतात, बेळगाव-हुबळी-बेळगाव, सगळा हायवे. त्या वापराला कॉइल शोभते. मी स्वतः हायवेवर ती गाडी चालवली, तवंदी घाटाच्या वळणांवर तर ती माझ्या गाडीपेक्षा जरा घट्टच वाटली.

पण एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून त्याच गाडीतून चोर्ला घाटानं गोव्याला गेलो. सातही सीट भरलेल्या, मागं बॅगा, कुंद्याचे डबे आणि तांदळाचं एक पोतं. मी पोरांबरोबर तिसऱ्या रांगेत बसलो होतो. निघताना सवयीनं मागच्या टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून पाहिलं. रिकाम्या गाडीला पंजा आडवा सहज जात होता, भरल्यावर जेमतेम दोन बोटं. जांबोटीच्या पुढं गावागावांत हंप आहेत, बऱ्याच ठिकाणी पांढरा पट्टाही नसतो. प्रत्येक हंपाला मागचं सस्पेन्शन पूर्ण दबून बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळायचं. धाड. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वरच असते, त्यामुळे तो आवाज कानाला नाही, थेट पाठीच्या कण्याला ऐकू यायचा. पोरांनी छताची कडी घट्ट धरून ठेवली होती. परतीला गाडी निम्मी रिकामी झाली, तर तीच मागची बाजू आता टणाटण उडत होती.

मला ठरवायला तेवढं पुरलं. यात साडूंच्या संचाचा दोष नाही, कॉइलचा स्वभावच तसा आहे. स्प्रिंगचा कडकपणा एकदा ठरला की ठरला. दोन माणसांना मऊ लागेल अशी घेतली तर सात माणसांत बसते, सात माणसांना पुरेल अशी घेतली तर दोन माणसांत दणके देते. हवेच्या बेलोत वजन वाढलं की दाब वाढवला जातो, गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येते आणि त्या दाबाबरोबर स्प्रिंगही कडक होते. सात सीटची एवढी जड गाडी घेण्यामागं माझं कारणच हे होतं, की सणासुदीला सगळं घर एका गाडीत बसावं आणि मागं बसलेल्यालाही पुढच्याइतकंच सुख मिळावं. कॉइलनं नेमकं तेच जातं. दुसरं जातं ते गाडी वर उचलण्याचं बटण. खानापूर तालुक्यात आमच्या शेताकडं जाणाऱ्या वाटेला पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि मधला वरंबा उंच राहतो. तिथं दोन-तीन इंच जास्त मिळाले की पोट घासत नाही.

तर मी एअरच परत घातलं, बाहेरच्या ब्रँडचं. चालवताना कंपनीच्या स्ट्रटशी फरक सांगायचा तर छोट्या खडबडीत रस्त्यावर, म्हणजे आपल्याकडच्या ठिगळं लावलेल्या डांबरावर, पुढून किंचित जास्त कळतं असं मला वाटतं. कदाचित जुन्या मऊ पडलेल्या शॉकअपची सवय झाल्यामुळं तसं वाटत असेल. भरलेल्या गाडीत मात्र मागं बसून पाहिलं, त्याच रस्त्यावर, त्याच हंपांवर, आणि ती धाड नाही. टिकण्याच्या बाबतीत कंपनीचा माल वर्षा-दोन वर्षांनी पुढं असेल, हे मी मान्य करतो. किमतीतला फरक बघता मला ते चालतं.

ज्यांची गाडी बहुतेक रिकामीच पळते, किंवा ज्यांना ती वर्ष-दोन वर्षांत विकायची आहे, त्यांनी कॉइलचा विचार जरूर करावा. त्यात दोन गोष्टी आधी विचारून घ्या: मीटरवरचा सस्पेन्शनचा इशारा तो संच बंद करतो की वेगळं कोडिंग लागतं, आणि या बदलावर तुमच्या विमा कंपनीचं म्हणणं काय. विचारल्याचं उत्तर लेखी असलेलं बरं.

एअर घालणार असाल तर मागवताना गाडीत एडीएस, म्हणजे शॉकअपचा कडकपणा विजेवर बदलणारी यंत्रणा, आहे का ते पाहा. एडीएसच्या स्ट्रटला विजेचा प्लग असतो, साध्याला नसतो, आणि बॉक्स उघडल्यावर कळून उपयोग नाही. पुढचे स्ट्रट जोडीनंच बदला. कॉम्प्रेसरचा रिलेही, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच, त्याच वेळी नवा घाला. गळकी हवा भरून काढता काढता कॉम्प्रेसर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चाललेला असतो, रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग तो थांबतच नाही, जळेपर्यंत चालतो. रिले काही शेकड्यांत येतो, कॉम्प्रेसर येत नाही.

मेस्त्री निवडताना मर्सिडीजचा अनुभव नसला तरी चालेल, पण हवेचा अनुभव हवा. पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या स्लीपर बसचे बेलो बदलणारे आपल्या भागात आहेत, त्यांना हवेच्या कामाची शिस्त ठाऊक असते. मात्र एअरमॅटिकमध्ये, म्हणजे मर्सिडीजच्या या एअर सस्पेन्शनमध्ये, हवा भरू शकणारा स्कॅनर त्यांच्याकडं किंवा शेजारी कुणाकडं तरी असलाच पाहिजे. नवा स्ट्रट बसवून, आत हवा न भरता गाडी जॅकवरून खाली सोडली तर रबर वेडंवाकडं दुमडतं आणि नवा माल तिथल्या तिथं फाटू शकतो. आधी स्कॅनरनं दाब भरायचा, मगच चाकं जमिनीला टेकवायची. खालचे बुशचे बोल्टही चाक लटकत असताना पूर्ण आवळू देऊ नका, गाडी आपल्या उंचीवर आल्यावर आवळायचे. नाहीतर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर तुटतात. शेवटी स्कॅनरवर चारही कोपऱ्यांची उंची कॅलिब्रेट करून घ्या, आणि गाडी त्या रात्री गॅरेजमध्येच ठेवा. सकाळी मेस्त्रीसमोर टेपनं माप घ्या, आणि मगच उरलेले पैसे द्या.